भिक्षेपुढे थांबलेला हात : संगती, संस्कार आणि आचार

गेल्या मार्गशीर्षात आम्ही खोपोलीस एका उपदेशी गृहस्थांच्या घरी चार दिवस होतो. गृहस्थ मूळचे वऱ्हाडातील. नोकरीनिमित्त ते इकडे आले आणि इकडचेच झाले. १९१५ साली येथे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. तेव्हापासून या घाटपायथ्याच्या गावात बाहेरचे माणूस येऊन स्थिरावणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. सायंकाळी त्यांच्या ओसरीवर आचार-प्रकरणाचे निरूपण चाले. दुसऱ्या दिवशी निरूपण आटोपल्यावर सर्व मंडळी उठून गेली, पण घरचे यजमान मात्र बसून राहिले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "बाबा, माझ्या आईचे बोलणे अजून वऱ्हाडीच आहे. शाळेतले मित्र घरी आले म्हणजे माझा मुलगा आजीला आतल्या खोलीत बसायला सांगतो. आम्ही नवराबायकोंनी त्याला असे कधी शिकविले नाही. मग ही लाज त्याच्यात आली कोठून? की हा त्याचा मागल्या जन्मीचा संस्कार म्हणावयाचा?"

त्या वेळी आम्ही त्यांस जे सांगितले ते अपुरे होते, असे मागाहून वाटले. अपुरे अशासाठी की, ज्या प्रसंगामुळे या प्रश्नाचे उत्तर आम्हांस थोडेफार कळले तो प्रसंग सांगण्याचे आम्ही टाळले. प्रस्तुत लेखात तो सांगावयाचा आहे.

प्रथम 'संस्कार' या शब्दाविषयी. हा शब्द अलीकडे केवळ चांगल्या अर्थाने वापरण्याची रूढी पडली आहे. मुलाने वाकून नमस्कार केला की 'संस्कार चांगले आहेत' असे आपण म्हणतो. त्याच मुलाने दारी आलेल्या मागत्यास हडतूड केले की 'हे कोठून शिकला कोण जाणे' असे म्हणून मोकळे होतो. वास्तविक पाहता दोन्ही गोष्टी तो एकाच शाळेत शिकला. घर, गल्ली, शाळा, देवळाची पायरी, सार्वजनिक नळ, यांवर जे नित्य घडते ते मूल डोळ्यांनी पिते. कोणाच्या येण्याने आईचा पदर सावरला गेला, कोणाशी बोलताना बापाचा आवाज चढला, कोणाला पाणी वरून ओतले, कोणास कपात चहा दिला आणि कोणास वेगळ्या पेल्यात, हे त्यास कोणी समजावून देत नाही. समजावून दिले असते तर त्याने निदान एकदा तरी 'का?' असे विचारले असते. न सांगता जे शिकविले जाते त्यास प्रश्न विचारता येत नाही. म्हणूनच ते इतके खोल जाते, आणि मोठेपणी आपणास ते आपला 'स्वभाव' वाटू लागते.

येथे एक आक्षेप संभवतो. जीव अनादी अविद्येने वेढलेला आहे, त्याच्या प्रवृत्ती पूर्वकर्मानुसार आहेत. मग संगतीला एवढे महत्त्व कशास द्यावे? याचे उत्तर व्यवहारात पाहावे. सोळाव्या शतकात अकबर बादशहाने, माणसाची मूळ भाषा कोणती हे जाणण्याच्या इच्छेने, काही तान्ही मुले माणसांच्या बोलण्यापासून दूर एका वास्तूत वाढविली. त्या वास्तूस पुढे गुंग महाल असे नाव पडले. मुलांस दाया होत्या, अन्न होते. फक्त शब्द नव्हता. काही वर्षांनी पाहिले तो मुले मुकीच. पूर्वजन्मीची कोणतीही भाषा त्यांच्या मुखातून बाहेर पडली नाही. आपल्या काळातील उदाहरण रुमानिया देशाचे. १९८९ च्या डिसेंबरात तेथील राजवट कोसळली आणि तेथील बालकाश्रमांची स्थिती जगापुढे आली. मुलांस खाणे मिळत होते, परंतु उचलून छातीशी धरणारे एक ठरावीक माणूस नव्हते. त्यांतील पुष्कळ मुले बोलण्यात, समजण्यात आणि जीव लावण्यातही मागे पडलेली आढळली. जी साधारण दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली, त्यांची माया लावण्याची शक्ती पुष्कळशी परत आली. उशिरा गेलेल्यांची तेवढी आली नाही. सारांश, कर्मरहाटी आपल्या जागी खरी. पण भाषाच काय, मायादेखील माणसाकडून माणसाकडे यावी लागते. आणि माया जर अशी येत असेल, तर किळसही तशीच येत असली पाहिजे.

आता तो प्रसंग.

सुमारे अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही आणि आमच्याहून वयाने बराच लहान असा एक साधू, असे दोघे कर्जतहून कशेळ्याच्या बाजूने अटन करीत निघालो होतो. थंडीचे दिवस होते. भात कापून झाल्यामुळे शेते मोकळी पडली होती आणि समोर भीमाशंकराच्या डोंगराची भिंत उभी होती. भिक्षेच्या वेळी वाटेत गाव लागले नाही. लागली ती कातकऱ्यांची वाडी. दहा-बारा झोपड्या, त्यांतील बहुतेक बंद. कारण दिवाळी झाली की ही माणसे उचल घेतलेल्या शेठच्या वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडी परततात. मागे राहिलेल्या एका वृद्ध बाईने आम्हांस पाहिले आणि आत जाऊन नाचणीची भाकरी आणली. आमच्या सोबत्याने झोळी पुढे केली. त्याच्या झोळीत अर्धी भाकरी पडली. उरलेली अर्धी घेऊन ती आमच्याकडे वळली आणि आमचा हात थांबला.

किती वेळ थांबला असेल? एक श्वास. दुसऱ्या कोणाच्या ध्यानातही आले नसते. त्या बाईच्या मात्र आले. ती म्हणाली, "हात धुवून केलीय, बाबा."

झोळी पुढे झाली, भाकरी पडली, आम्ही नदीकाठी जाऊन भोजन केले. पण घास घशाखाली उतरेना. त्या वेळी मनाशी आम्ही जे समाधान केले ते वाचकांपुढे उघड ठेवतो. आम्ही स्वतःस सांगितले की, हा संकोच अहिंसेचा आहे. ही माणसे उंदीर, घूस, खेकडे, जे मिळेल ते मारून खातात. अशा चुलीवरचे अन्न घेताना साधूचा हात थांबला तर ते त्याच्या व्रतास शोभणारेच आहे. उत्तर सुबक होते, शास्त्राच्या भाषेत होते. अडचण एवढीच की, आदल्याच दिवशी कर्जतजवळच्या एका शेतकरी घरून आम्ही तांदळाची भाकरी घेतली होती आणि त्या घराच्या अंगणात सुकटीचा वास सुटलेला होता. तेथे हात थांबला नव्हता. तेथे 'आम्हांस शाकान्न तेवढे द्यावे' असे सांगून आम्ही सहज पुढे गेलो होतो. हिंसा दोन्ही चुलींवर होती, मग व्रत एकाच चुलीपुढे कसे जागे झाले?

त्या रात्री झोप आली नाही, आणि पहाटेस आठवली ती आमची आजी. आम्हांस नवव्या वर्षी आश्रमात अर्पण केले. त्यापूर्वीचे फारसे काही स्मरत नाही. पण हे स्मरले. फासेपारध्याची बाई ओटीत भाकर मागावयास येई. आजी दानशूर होती, कोणास विन्मुख पाठवीत नसे. ती भाकर देई, पण तीन हात लांबून, टाकून. आणि देताना तिच्या ओठांची जी ठेवण होई ती आम्हांस स्पष्ट दिसली. कर्जतच्या त्या वाडीत आमच्या ओठांची ठेवण तीच झाली असणार. पाठशाळेत आम्ही सूत्रे मुखोद्गत केली, निरूपणे ऐकली, पुढे केली. परंतु त्या सर्वांच्या खाली आजीचे ते ओठ जसेच्या तसे राहिले होते. शास्त्राने त्यांस धक्का लावला नाही. उलट आमच्या शास्त्रज्ञानाने त्यांस एक चांगले नाव मिळवून दिले.

दुसरी गोष्ट त्याहून अधिक बोचणारी. ती बाई 'हात धुवून केलीय' असे का म्हणाली? आम्ही एक शब्दही उच्चारला नव्हता. तिने साठ-सत्तर वर्षे असे थांबलेले हात पाहिले होते. आमच्या आजीने आम्हांस जे शिकविले त्याचा दुसरा अर्धा भाग तिला कोणीतरी शिकविला होता. एकास किळस शिकविली, दुसऱ्यास ओशाळणे शिकविले, आणि दोघे समोरासमोर येताच दोघांनी आपापला पाठ न चुकता म्हटला. यात तिचा स्वभाव कोणता आणि आमचा कोणता?

कातकऱ्यांची ही स्थिती अनादी नाही, हेही ध्यानात घ्यावे. काथोडी हे नाव काथावरून आले आहे. खैराच्या झाडापासून काथ काढणे हा त्यांचा हातचा धंदा. एकोणिसाव्या शतकात सरकारने जंगले राखीव केली, तशी खैरावर कुऱ्हाड चालविणे गुन्हा झाला. पुढे कोळशाच्या भट्ट्या, नंतर विटांच्या. १९७६ साली वेठबिगारी कायद्याने बंद झाली, तरी पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी अख्खे कुटुंब भट्टीवर जाण्याची रीत सुटलेली नाही. तेथे जन्मलेले मूल चालू लागते ते चिखलाच्या गोळ्यांतून. शेठ आला की आईबापांचा आवाज कसा खाली जातो हे त्याला अक्षरांच्या आधी कळते. मग त्याच वाडीवर सरकारी मनुष्य किंवा आमच्यासारखा परका गेला आणि मुले पळाली, की 'ही जातच बुजरी' असे आपण म्हणतो.

येथे कोणी म्हणेल की हा दोष गावातील उच्चवर्णीयांचा. तसे असते तर प्रश्न सोपा झाला असता. कर्जत-खालापूर भागात ठाकर आणि कातकरी या दोन्ही जमाती डोंगराच्या आश्रयाने राहतात. बाजारात दोघांनाही 'आदिवासी' या एकाच शब्दात मोजतात. परंतु जुन्या चालीप्रमाणे ठाकर कातकऱ्याच्या हातचे खात नसे. स्वतः कातकऱ्यांतही सोन आणि ढोर असे भेद सांगितले जात, आणि ढोरांचे खाणे वाईट म्हणून सोन त्यांस वेगळे धरीत. म्हणजे ज्यास सर्वांनी खाली ढकलले त्यासही आणखी कोणी खाली आहे असे शिकविले गेले. किळस उतारावरून वाहते. जो तो ती आपल्या पायाखाली पाझरू देतो.

या प्रकाशात आपल्या आचार-सूत्रांतील एका क्रमाकडे पाहावे असे आम्हांस वाटते. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी साधकास जन्मदेशाचा संबंध, जन्मगावाचा संबंध, आणि त्याहूनही विशेष करून सोयऱ्याधायऱ्यांचा संबंध सोडावयास सांगितला. परंपरेत याचा अर्थ मोहत्याग असा केला जातो आणि तो बरोबरच आहे. परंतु 'विशेष करून' हे बंधन तिसऱ्यासच का? केवळ प्रेम अधिक म्हणून? आमच्या अल्पमतीस असे दिसते की, देशाने आपणास बोली दिली, गावाने रीत दिली, पण काय गोड मानावे आणि कशाची शिसारी यावी हे घराने दिले. आणि ते दिले आपण नाही म्हणू शकण्यापूर्वी. जेथे पेरणी सर्वांत आधी आणि सर्वांत खोल, तेथून दूर जाण्याची आज्ञा सर्वांत कडक. अनोळखी गावी, अनोळखी दारी, जे पडेल ते एकत्र कालवून खाण्याचा जो भिक्षाविधी आहे तो केवळ जिव्हाजय नव्हे. दारोदारचा घास एकत्र केला म्हणजे कोणता घास कोणाचा हे जिभेस सांगता येत नाही. आजीचे ओठ पुसून काढण्याचा तो नित्याचा उपाय आहे. स्वामी स्वतः गुर्जर देशातून आले आणि या देशीच्या बोलीत बोलले. श्रीगोविंदप्रभू ऋद्धिपुरात वेशीबाहेरच्या घरांतही मुक्तपणे गेले. स्त्रियांच्या मासिक धर्माचा विटाळ पंथाने मानला नाही. ही सर्व उदाहरणे आपण समतेची म्हणून अभिमानाने सांगतो. त्यांत अभिमानाचा भाग थोडा आणि अभ्यासाचा अधिक आहे, हे सांगावयाचे राहून जाते.

तथापि गावाचा लळा तुटणे म्हणजे काय, हे ज्याने घर सोडले नाही त्याने सहज बोलू नये. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाचा कडा खाली आला आणि पायथ्याची इर्शाळवाडी ही ठाकरवाडी दरडीखाली गेली. २२८ माणसांची वस्ती. २७ देह मिळाले, ५७ माणसे मिळालीच नाहीत. काही मुले निवासी आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. त्यानंतरच्या दिवसांत शहरातील पुष्कळांच्या तोंडून ऐकले : 'अशा कड्याखाली ही माणसे राहिलीच कशाला?' धोक्याच्या गावांच्या सरकारी यादीतही त्या वाडीचे नाव नव्हते, हे ते विसरतात. आणि भीती ही देखील शिकविलेली असते. सपाटीवरच्या माणसास डोंगराची भीती वाटते, डोंगरातल्यास महामार्गाची. ज्याच्या सावलीत पिढ्या वाढल्या तो कडा त्या मुलांस आजोबांसारखा वाटत आला असेल तर त्यात अज्ञान कोणते? आता ती मुले सपाटीवर वाढत आहेत. पाऊस कोसळू लागला की त्यांच्या मनात काय उठते, ते त्यांनी आजोबांकडून घेतलेले नाही, आणि शहराकडूनही नाही.

संगतीने लागलेले संगतीनेच सुटते, हे मात्र या भूमीनेच दाखविले आहे. भाई कोतवाल १९१२ साली माथेरानास न्हाव्याच्या घरी जन्मले, वकील झाले, आणि कर्जतच्या आसपास शेतकऱ्यांत व आदिवासींत काम करीत राहिले. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्यात निरनिराळ्या जातींची तरुण मुले रानात एकत्र राहिली. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील एकाच वेळी पडले. गावात असते तर या दोघांनी किती वेळा एका ताटात हात घातला असता? रानात त्यांच्यात जे नाते झाले त्यास कोणी निरूपण दिले नव्हते. सोबतच्या दिवसरात्रींनी ते घडविले.

आता आपल्या आश्रमांविषयी. हा भाग लिहिताना लेखणी अडखळते. आश्रम ही देखील संगतीच आहे, आणि ती फार बळकट संगती आहे. आमच्यासारखी जी मुले लहानपणी अर्पण झाली त्यांस पहाटे उठणे जड जात नाही, धनाचा लोभ फारसा छळीत नाही, एकांताचे भय वाटत नाही. लोक यास वैराग्य म्हणतात. आम्ही स्वतः कित्येक वर्षे म्हणत होतो. परंतु ज्यास मिठाईची चवच लागली नाही त्याने मिठाई सोडली असे कसे म्हणावे? संसार भोगून चाळिशीत आलेला साधक रात्री कुशीवर कुशी बदलतो, त्यास आम्ही मनातल्या मनात कच्चा समजत असू. त्याचा त्याग त्याने केला होता. आमचा आमच्या आईबापांनी. हा भेद कळावयास आम्हांस पन्नाशी उलटावी लागली.

आणखी एक. दीक्षेनंतर जात उरत नाही, हे आपण सांगतो. पण एका आश्रमात (नाव सांगण्याचे कारण नाही) नव्या आलेल्या मुलास 'कोठचा रे तू?' असे विचारताना आम्ही ऐकले आहे, आणि त्या प्रश्नात गावाची चौकशी नव्हती. मुलाने गाव सांगितले. पुन्हा विचारले, 'ते झाले, पण कोणापैकी?' विचारणारा दुष्ट नव्हता. चांगला पाठ असलेला, सेवाभावी साधू होता. त्या मुलाने खाली पाहिले. त्या दिवशी ते मूल जे शिकले ते कोणत्याही सूत्रात नाही, पण ते सूत्रापेक्षा अधिक काळ त्याच्या ध्यानात राहील अशी भीती वाटते. तेथे आम्हीही बसलो होतो आणि काही बोललो नाही.

मग दोष कोणाचा? आजीने पेरले म्हणून आम्ही सुटलो काय? आजीसही कोणी पेरले होते. असे मागे मागे जात राहिले तर दोषी कोणीच उरत नाही, आणि अन्याय मात्र जागच्या जागी राहतो. आमचे मत असे की, हात थांबला त्या पहिल्या श्वासाचा दोष आम्हांस लागत नाही. तो विचाराच्या आधीचा आहे. परंतु दुसऱ्या श्वासात 'ही अहिंसा' असे जे आम्ही म्हटले, तो दोष आमचा, पूर्ण आमचा. तेथे आजी नव्हती. तेथे शिकलेला, दीक्षा घेतलेला मनुष्य आपल्या ज्ञानाचा उपयोग करीत होता. म्हणून व्रत कोणते आणि सवय कोणती हे ओळखावयाचे झाल्यास एक गोष्ट तपासून पाहावी : हा नियम मी सर्व दारी सारखा पाळतो काय? अहिंसा शेतकऱ्याच्या अंगणात झोपते आणि कातकऱ्याच्या दारात जागी होते, तर ती अहिंसा नव्हे. मांसान्न नाकारावे, ते दोन्हीकडे नाकारावे; भाकरी घ्यावी, ती दोन्हीकडून घ्यावी. उपदेशी मंडळींनीही हे घरी करून पाहावे. मोलकरणीचा पेला वेगळा ठेवण्याचे कारण 'स्वच्छता' असेल तर तोच नियम आलेल्या साहेबास लावून पाहावा.

यजमानांच्या मुलाविषयी त्यांस आम्ही इतकेच म्हटले होते की, त्यास रागावू नका. रागावण्याने तो लाज लपविण्यास शिकेल. शाळेत वऱ्हाडी बोलण्यास कोणी हसले असेल. ते हसणे त्याने घरी आणले. तुम्ही स्वतः कारखान्यात साहेबांपुढे कोणत्या बोलीत बोलता आणि आईशी फोनवर बोलताना आवाज का लहान करता, हेही पाहा. ते गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "बाबा, हे मुलाने पाहिले असेल काय?"

चौथ्या दिवशी खोपोलीहून निघून आम्ही कर्जतमार्गे पुन्हा कशेळ्याच्या बाजूस गेलो. ती वाडी शोधली. वृद्ध बाई कधीच वारली होती. दारे बहुतेक बंदच होती. एका झोपडीपुढे एक तरुण मुलगी तान्हे मूल घेऊन बसली होती. बाळंतपणामुळे या वर्षी भट्टीवर गेली नसावी. तिने आत जाऊन भाकरी आणली. झोळी पुढे झाली. पण त्याआधी काही क्षण गेला की नाही, आणि गेला असल्यास तिने तो पाहिला की नाही, हे आम्हांस सांगता येत नाही. ती काही बोलली नाही. तिच्या मांडीवरचे मूल आमच्या हाताकडे टक लावून पाहत होते.